हार्पून ते कॅमेरा : उत्तरेच्या समुद्रातील एका सोयीच्या कथेचा पंचनामा

१/ हिवाळ्यात नॉर्वेच्या शेर्वॉयला किंवा उन्हाळ्यात आइसलंडच्या हुसाविकला जाऊन आलेल्या कुणाचीही चित्रफीत पाहा. करडे पाणी, बर्फाचे डोंगर, जाड पोशाखात कुडकुडणारे प्रवासी आणि मग एकाएकी पाण्यावर उभी राहणारी प्रचंड शेपटी. त्याखाली बहुधा एकाच अर्थाचा मजकूर असतो : जिथे पूर्वी देवमाशांची कत्तल होत असे, तिथे माणूस आज त्यांना नुसता पाहायला जातो, माणूस सुधारला. हे ऐकायला गोड आहे. इतिहास म्हणून मात्र ते टिकत नाही. हा धागा त्या गोड कथेविरुद्ध आहे.

२/ आधीच स्पष्ट करतो. देवमासे पाहायला जाण्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो त्या नौकेवर प्रवाशांना ऐकवल्या जाणाऱ्या इतिहासाला. त्या इतिहासात तीन दावे असतात. पहिला : खनिज तेल आले आणि देवमासे वाचले. दुसरा : पर्यटन आले आणि शिकार संपली. तिसरा : पाहण्याने कुणाचे काही बिघडत नाही. तिन्ही दावे क्रमाने तपासू.

३/ आरंभ स्वालबार्डपासून करू. १५९६ मध्ये विलेम बारेंट्स या डच दर्यावर्दीची मोहीम त्या बेटांपर्यंत पोहोचली आणि पुढच्या दोन दशकांत इंग्रज व डच व्यापारी तिथे देवमाशांच्या मागे लागले. डचांनी किनाऱ्यावर वसवलेल्या तळाचे नाव होते स्मीरेनबर्ग, म्हणजे ‘चरबीचे गाव’. तिथे मोठमोठ्या तांब्याच्या कढयांत चरबी वितळवली जाई. सावज होते बोहेड व्हेल : संथ पोहणारे, चरबीने जाड, मेल्यावर तरंगणारे. सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्या खाड्यांतले बोहेड इतके घटले, की तळ ओस पडला. त्या समुद्रातले बोहेड आजही काही शेकड्यांपलीकडे गेलेले नाहीत.

४/ त्याच शतकातील एक प्रसंग सहसा सांगितला जात नाही. १६१५ मध्ये बास्क शिकाऱ्यांची तीन जहाजे आइसलंडच्या वायव्य किनाऱ्यावर वादळात फुटली. अडकून पडलेल्या खलाशांपैकी तीसहून अधिक जणांना तेथील जिल्हाधिकारी आरी माग्नुसन याच्या पुढाकाराने ठार करण्यात आले. योन ग्वुद्मुंडसन नावाच्या स्थानिक विद्वानाने या हत्याकांडाचा धिक्कार करणारा वृत्तांत लिहिला. त्यापायी त्याला आपला प्रदेश सोडावा लागला. मृतांचे स्मारक उभे राहिले ते २०१५ मध्ये, चारशे वर्षांनी. या समुद्राचा इतिहास ‘माणूस विरुद्ध देवमासा’ एवढा सरळ कधीच नव्हता. त्यात माणसाने माणसाशी केलेले व्यवहारही तितकेच आहेत.

५/ आता पहिला दावा : ‘रॉकेलने देवमासे वाचवले.’ १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियात खनिज तेलाची विहीर लागली, स्वस्त रॉकेल आले, दिव्यांसाठी देवमाशाच्या तेलाची गरज उरली नाही, हे खरे आहे. अमेरिकन शिडाच्या जहाजांचा धंदा ओसरला, हेही खरे आहे. पण कथा इथेच थांबवली जाते, आणि लबाडी आहे ती या थांबवण्यात. कारण विहीर लागल्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, १८६३ मध्ये, नॉर्वेच्या स्वेन्ड फॉयनने वाफेवर चालणारे शिकारी जहाज पाण्यात उतरवले.

६/ तोवर निळा देवमासा आणि फिन व्हेल एका अर्थी सुरक्षित होते. वल्ह्यांच्या होड्यांना त्यांचा वेग गाठता येत नसे, आणि मारलेच तर ते बुडत. फॉयनने या दोन्ही अडचणी सोडवल्या. वाफेने वेग मिळाला. तोफेतून सुटणाऱ्या आणि शरीरात शिरल्यावर फुटणाऱ्या हार्पूनचे पेटंट त्याने १८७० मध्ये घेतले. धूड बुडू नये म्हणून दोर, यंत्रचलित रहाट आणि पोटात हवा भरण्याची युक्ती आली. नॉर्वेच्या अगदी उत्तरेकडील फिनमार्कच्या किनाऱ्यावर हा नवा कारखानदारी धंदा उभा राहिला.

७/ आणि तेलाचे काय? १९०२ मध्ये विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पातळ तेल घट्ट करण्याच्या प्रक्रियेचे पेटंट घेतले. देवमाशाचे तेल दिव्यातून गेले ते साबणात आणि पुढे मार्गारिनमध्ये आले. साबण करताना निघणारे ग्लिसरीन महायुद्धात स्फोटकांसाठी लागले. युरोपातल्या कामगाराच्या पावावर लावले जाणारे स्वस्त लोणी दोन महायुद्धांच्या दरम्यान मोठ्या प्रमाणात देवमाशांपासून येत होते. १९३० च्या दशकात जर्मनीने आपल्याकडची चरबीची टंचाई भागवण्यासाठी स्वतःचा शिकारी ताफा दक्षिण ध्रुवाकडे धाडला, तो यासाठीच.

८/ आकडे पाहा. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत मिळून मारल्या गेलेल्या स्पर्म व्हेलची संख्या सुमारे ३ लाख मानली जाते. एकट्या विसाव्या शतकात, म्हणजे रॉकेल आणि विजेच्या युगात, ती ७ लाखांच्या वर गेली. सर्व जाती धरल्या तर विसाव्या शतकात सुमारे २९ लाख देवमासे मारले गेले. खनिज तेलाने देवमासे वाचवले नाहीत. कोळशाने आणि पुढे डिझेलने जहाजांना त्यांच्यापर्यंत पोहोचवले. स्वस्त इंधन आले म्हणजे जुने शोषण आपोआप थांबते, हा भ्रम आजही राजकारणात खपतो. म्हणून हा दावा खोडणे ही केवळ इतिहासातली हौस नव्हे.

९/ मग शिकारीला पहिला मोठा अडथळा कुणी घातला? निसर्गप्रेमींनी नव्हे. फिनमार्कच्या गरीब मच्छीमारांनी. त्यांची पक्की समजूत होती, की देवमासे कॅपेलिन या लहान माशांचे थवे किनाऱ्याकडे रेटतात आणि त्यांच्या मागोमाग कॉड येतो. देवमासे मेले, तर कॉड येणार नाही. त्यांनी अर्ज केले, विनंत्या केल्या. कुणी ऐकले नाही. १९०३ च्या उन्हाळ्याच्या आरंभी मेहाम्न गावात शेकडो मच्छीमार जमले आणि त्यांनी देवमाशांवर प्रक्रिया करणारा कारखाना अक्षरशः मोडून टाकला. सरकारने सैन्य पाठवले.

१०/ पण सरकारला झुकावेही लागले. १९०४ मध्ये नॉर्वेने आपल्या उत्तर किनाऱ्यावर दहा वर्षांसाठी देवमाशांच्या शिकारीवर बंदी घातली. त्या मच्छीमारांना देवमाशांची कणव नव्हती. त्यांना आपला कॉड हवा होता. समुद्री विज्ञानाच्या दृष्टीने त्यांची समजूत कितपत बरोबर होती, हा वेगळा वाद. तरीही बंदी आणली ती त्यांनी. उत्तरेतील आजच्या किती पर्यटन नौकांवर मेहाम्नचे नाव घेतले जात असेल? ज्यांच्यामुळे त्या किनाऱ्यावर तोफा थंडावल्या, त्यांचा उल्लेखही न करता ‘माणूस सुधारला’ म्हणणे हा कृतघ्नपणा आहे.

११/ या प्रसंगाला दुसरी बाजूही आहे आणि ती लपवून चालणार नाही. ज्या १९०४ मध्ये उत्तर नॉर्वेत बंदी आली, त्याच वर्षी नॉर्वेच्याच कार्ल आन्टोन लार्सेनने दक्षिण अटलांटिकमधील साउथ जॉर्जिया बेटावर ग्रितविकेन हा तळ उभारला. १९०४ ते १९६५ या काळात त्या एका बेटावर पावणेदोन लाखांहून अधिक देवमासे कापले गेले. १९२५ पासून मागच्या बाजूने अख्खा देवमासा आत ओढून घेणारी तरंगती कारखाना-जहाजे आली आणि किनाऱ्याचीही गरज उरली नाही. १९३०-३१ च्या एका हंगामात दक्षिणेत २९ हजारांहून अधिक निळे देवमासे मारले गेले. उत्तरेतील शांततेची किंमत दक्षिणेने मोजली.

१२/ आइसलंडचीही तीच गत. नॉर्वेच्या कंपन्यांनी तेथील खाड्या उपसल्यावर आइसलंडच्या संसदेने १९१५ पासून शिकारीवर बंदी आणली. देवमासे पुरते घटल्यावरचा हा निर्णय. दोन दशकांनी शिकार पुन्हा सुरू झाली. म्हणजे ‘आधी क्रौर्य, मग करुणा’ अशी सरळ चढती रेषा या इतिहासात कुठेच नाही. बंदी, पुनरारंभ, पुन्हा बंदी, पुन्हा पुनरारंभ, असा तो हेलकावे खाणारा आहे.

१३/ दुसरा दावा : ‘पर्यटनाने शिकार संपवली.’ इथे तारखांनाच बोलू द्या. आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाचा मूळ करार १९४६ चा. निळ्या देवमाशाला संरक्षण मिळाले १९६० च्या दशकाच्या मध्यावर, तेव्हा मारायला फारसे उरलेच नव्हते. व्यापारी शिकार स्थगित करण्याचा ठराव १९८२ मध्ये २५ विरुद्ध ७ मतांनी संमत झाला आणि १९८६ पासून अमलात आला. नॉर्वेच्या आन्डेनेस गावातून स्पर्म व्हेल पाहण्याच्या सहली सुरू झाल्या त्या १९८० च्या दशकाच्या अखेरीस. हुसाविकमध्ये जुन्या ओक लाकडाच्या मासेमारी नौकेतून नियमित सहली सुरू झाल्या १९९५ मध्ये. म्हणजे बंदी आधी आली, पर्यटन नंतर.

१४/ आता याच्या पुढचे पाहा. नॉर्वेने स्थगितीला आक्षेप नोंदवला होता; १९९३ मध्ये त्याने मिंके व्हेलची व्यापारी शिकार पुन्हा सुरू केली. आन्डेनेसच्या सहली तेव्हा ऐन बहरात होत्या. आइसलंडने २००३ मध्ये ‘संशोधना’च्या नावाखाली आणि २००६ मध्ये उघड व्यापारासाठी शिकार पुन्हा सुरू केली. हुसाविकचे देवमासा संग्रहालय तेव्हा स्थापन होऊन नऊ वर्षे झाली होती. दोन्ही देशांत आधी कॅमेरा आला आणि त्यानंतर तोफ परतली. ज्या कथेत कॅमेऱ्याने तोफेला हुसकावले, ती कथा या तारखांपुढे उभी राहत नाही.

१५/ हा विरोधाभास पाहायचा असेल, तर रेक्याविकच्या जुन्या बंदरात जावे. देवमासे दाखवणाऱ्या नौका जिथून सुटत, त्यांच्या नजरेच्या टप्प्यात शिकारी जहाजे बांधलेली असत. आणि त्याच बंदरालगतच्या उपाहारगृहांत मिंके व्हेलचे मांस ‘स्थानिक चव’ म्हणून मिळे. आइसलंडमधील सामान्य माणूस ते मांस क्वचितच खातो; ताटात घेणाऱ्यांत मोठा वाटा पर्यटकांचा होता. सकाळी ज्या प्राण्याला पाहून डोळे भरून आले, संध्याकाळी तोच ताटात. अखेर पर्यटकांनाच ‘आम्हाला भेटा, आम्हाला खाऊ नका’ असे सांगणारी मोहीम चालवावी लागली. सुधारलेला माणूस तो हाच काय?

१६/ आता प्रतिपक्षाचे जे खरे आहे ते मान्य करू. आइसलंडमधील पर्यटन व्यावसायिकांनी संघटित होऊन शिकारीविरुद्ध आवाज उठवला. फाक्साफ्लोई उपसागरात शिकारबंदीचे क्षेत्र आखले गेले आणि २०१७ मध्ये ते वाढवले गेले. मिंकेच्या शिकाऱ्यांना मग किनाऱ्यापासून दूर जावे लागले, खर्च परवडेना, आणि २०२० मध्ये त्यांनी धंदा आवरला. हे यश निश्चितच मोठे आहे. पण ते मिळाले ते नकाशावर आखलेल्या रेषेमुळे, कायद्यामुळे. देवमासा पाहून भारावलेल्या लाखो प्रवाशांपैकी किती जणांनी त्या रेषेसाठी काही केले? भारावणे आणि कृती यांतले हे अंतर कथा सांगणारे बुजवून टाकतात.

१७/ आणि फिन व्हेलचे काय? आकाराने निळ्या देवमाशाखालोखालचा हा प्राणी. २०२२ मध्ये आइसलंडने १४८ फिन व्हेल मारले. सरकारी तपासणीत आढळले, की त्यांतले अनेक प्राणी पहिल्या हार्पूनने तत्काळ मेले नव्हते. त्यावरून २०२३ च्या जूनमध्ये शिकार तात्पुरती थांबवली गेली. हंगामाच्या शेवटी ती पुन्हा सुरू झाली आणि २४ मारले गेले. डिसेंबर २०२४ मध्ये पाच वर्षांचे नवे परवाने देण्यात आले. नॉर्वेत तर आजही दरवर्षी काहीशे मिंके मारले जातात. ‘पूर्वी शिकार होत असे’ हा भूतकाळ आपण कोणत्या आधारावर वापरतो?

१८/ तिसरा दावा : ‘नुसते पाहण्याने काय बिघडते?’ फाक्साफ्लोईतल्या मिंके व्हेलवर झालेल्या अभ्यासात आढळले, की नौका जवळ आल्या की ते अन्न शोधणे कमी करतात आणि त्यांच्या पोहण्याची, बुडी मारण्याची रीत बदलते. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे, की प्रत्येक प्राण्याला पडणारा एकूण ताण मोजल्यावर तो तिथे फारसा मोठा निघाला नाही. म्हणून ‘सर्व सहली बंद करा’ अशी आरोळी मी ठोकणार नाही. पण याच निष्कर्षाचा अर्थ असाही होतो, की परिणाम ठरतो तो नौकांची संख्या, अंतर आणि वेळ यांवर. तो मोजावा लागतो. ‘आम्ही प्रेमाने पाहतो’ हे त्याचे उत्तर नव्हे.

१९/ जिथे संख्या थोडी आहे, तिथे चित्र गंभीर होते. अमेरिका-कॅनडा सीमेवरील सॅलिश समुद्रातील स्थानिक ओर्का आता ७५ हूनही कमी उरले आहेत. १९६० आणि ७० च्या दशकांत त्यांची पिल्ले मत्स्यालयांसाठी पकडून नेली गेली. आज साल्मन मासे घटले आहेत, आणि इंजिनांच्या आवाजात त्यांना भक्ष्याचा वेध घेणे अवघड जाते. वॉशिंग्टन राज्याने २०२५ पासून त्यांच्यापासून सुमारे ९०० मीटर दूर राहण्याचा नियम लागू केला. लोकांच्या सद्भावनेवर भागले असते, तर हा नियम करावाच लागला नसता.

२०/ केइकोची गोष्ट तर सर्वांनी ऐकावी. १९७९ मध्ये आइसलंडजवळ पकडलेला हा ओर्का १९९३ च्या ‘फ्री विली’ चित्रपटामुळे जगप्रसिद्ध झाला. लोकांनी पैसे जमवले. १९९८ मध्ये त्याला विमानाने आइसलंडला परत आणले. २००२ मध्ये तो स्वतःहून समुद्र ओलांडून नॉर्वेच्या एका खाडीत पोहोचला. तिथे काय झाले? माणसे होड्या घेऊन त्याच्याभोवती जमली, मुले त्याच्याशी खेळू लागली, आणि शेवटी प्रशासनाला त्याच्याजवळ जाण्यावर बंदी घालावी लागली. डिसेंबर २००३ मध्ये तो मेला. कुणीही त्याचा द्वेष करत नव्हते. सर्वांचे त्याच्यावर प्रेम होते, एवढेच.

२१/ ‘हार्पून वाईट, कॅमेरा चांगला’ या सूत्राचा सर्वांत मोठा अन्याय मात्र अलास्कातील इन्युपियाट लोकांवर होतो. १९७७ मध्ये बोहेडची संख्या अत्यल्प मानून आयोगाने त्यांची पारंपरिक शिकार थांबवण्याचा निर्णय घेतला. इन्युपियाट म्हणाले, तुमची मोजणी चुकली आहे. बोहेड बर्फाखालूनही जातात, ते तुम्हाला दिसत नाहीत. त्यांनी स्वतःचा आयोग स्थापला आणि वैज्ञानिकांना सोबत घेतले. पाण्याखाली ध्वनिग्राहक सोडून मोजणी झाली आणि त्यांचे म्हणणे खरे ठरले. मर्यादित शिकारीचा हक्क त्यांनी राखला. आणि तिथले बोहेड आज १० हजारांच्या पुढे आहेत.

२२/ त्याच शिकारीत २००७ मध्ये एका बोहेडच्या शरीरात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील स्फोटक भाल्याचे तुकडे सापडले. अमेरिकन शिकाऱ्यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मारलेला तो भाला घेऊन तो प्राणी जगत राहिला होता. बोहेडचे आयुष्य दोनशे वर्षांपर्यंत जाऊ शकते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थांबून विचार करावा. आपण ज्याला ‘जुना काळ’ म्हणून नौकेवर दोन वाक्यांत उरकतो, त्या काळात जन्मलेले प्राणी उत्तरेच्या समुद्रात आजही पोहत असतील.

२३/ आणि हा विषय केवळ उत्तरेचा आहे, असे समजून निश्चिंत होऊ नका. १९६६ च्या नोव्हेंबरमध्ये सोव्हिएत जहाजांनी आपल्या अरबी समुद्रात २०० हून अधिक हंपबॅक व्हेल बेकायदा मारले आणि ते आंतरराष्ट्रीय नोंदींतून लपवले. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर त्याच्याच वैज्ञानिकांनी ही माहिती उघड केली. स्थलांतर न करता बारमाही इथेच राहणारी ती अरबी समुद्रातली जमात त्या घावातून अद्याप सावरलेली नाही. १९७९ मध्ये हिंदी महासागर देवमाशांसाठी अभयारण्य म्हणून घोषित झाला. आपल्यापैकी कितीजणांच्या पाठ्यपुस्तकात यातले काही होते?

२४/ मग करायचे काय? जायचे असेल तर अवश्य जा. पण नौका निवडताना विचारा : किती अंतर राखता? एका देवमाशाभोवती एका वेळी किती नौका असतात? किती मिनिटांनी मागे फिरता? जवळ गेल्यावर इंजिन बंद करता का? हुसाविकमध्ये २०१५ पासून विजेवर चालू शकणारी शिडाची नौका आहे. म्हणजे हे अशक्य नाही. त्या देशात आज शिकार चालते का, हेही विचारा. बंदरावर देवमाशाचे मांस मागवू नका. आणि मार्गदर्शक ‘पूर्वी इथे शिकार होत असे’ म्हणाला, तर नम्रपणे विचारा : ‘पूर्वी म्हणजे कधी?’

२५/ देवमासे उरले ते माणूस सुधारला म्हणून नव्हे. काही ठिकाणी ते इतके घटले की धंदा परवडेना. काही ठिकाणी पोटासाठी भांडणाऱ्या मच्छीमारांनी कारखाना मोडला. काही ठिकाणी मतदान झाले, नकाशावर रेषा आखली गेली, इन्युपियाटांसारख्यांनी आपले ज्ञान सिद्ध करून दाखवले. यांतली प्रत्येक गोष्ट उलटवता येते, आणि अनेकदा उलटवली गेली आहे. युद्ध जिंकले असे मानणारा पहारा सोडतो. ‘आता आपण सुधारलो’ ही कथा म्हणूनच निरुपद्रवी नाही.

धागा समाप्त. मतभेद असतील तर जरूर मांडा; तारखा आणि पुरावे घेऊन या, चर्चा करू.